पिकअप की आयशर?

मागच्या वर्षी ऐन मार्चमध्ये पुतण्याचा फोन आला. "नाना, गाडी घ्यायचं चाललंय. पिकअप घेऊ का आयशर?" आता मी जन्मभर मराठी शिकवलेला मास्तर. मला गाडीतलं काय कळतंय! पण पुढच्या वाक्यात कळलं, सुरुवातीला भरायच्या पैशात लाखभर कमी पडत होते. म्हणजे सल्ला हे निमित्त होतं. असो.

त्याची शेती ओतूरजवळ. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, भाव बरा असला तर माळशेज उतरून वाशीला. दर वर्षी भाड्याच्या गाडीची वाट बघायची आणि गाडी येईपर्यंत माल उन्हात, हे त्याला नको झालं होतं. ते मलाही पटत होतं.

मी वही घेऊन बसलो. पिकअप दीड टनी. वीस किलोचं एक क्रेट धरलं तर पंचाहत्तर क्रेट, आणि रिकाम्या क्रेटचं वजन धरलं तर सत्तरच्याही आत. आयशर चौदा फुटी, सहा चाकी, साडेतीन-चार टन सहज नेणारी. लायसन्सचा प्रश्न दोन्हीकडे नव्हता. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असेल तर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू गाडी चालवता येते, असा निकाल सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्येच दिला आहे.

त्याच्याकडे तोडा जोरात असताना दिवसाआड दीडशे क्रेट निघतात, पण ते फार तर दोन महिने. एरवी चाळीस-पन्नास. मोठी गाडी घेतली तर वर्षातले बरेच दिवस ती अंगणात उभी राहणार. हप्ता मात्र उभा राहत नाही! शिवाय कालव्याच्या मोरीवरून मळ्यात वळणारी वाट अशी अरुंद, की तिथे आयशर वळायचीच नाही. क्रेट डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणायला पुन्हा मजूर लावायचे.

"मग पिकअपच," मी म्हटलं.
"तेच म्हणतोय नाना. पाटे वाढवून घेतो मागचे. सव्वाशे क्रेट आरामात बसतात. सगळेच भरतात."

मी गप्प झालो. सव्वाशे म्हणजे अडीच टन. पाटे वाढवले की गाडी मागे बसत नाही, दिसायला सरळ दिसते. पण ब्रेक तेच, टायर तेच, आणि खाली माळशेजचा उतार. दंड आहेच, २०१९ च्या दुरुस्तीपासून वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. पण मला दंडाची काळजी नव्हती.

आमचे वडील बैलगाडी भरताना माल पुढे-मागे करून बघायचे. मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे झाला की धुरजड, बैलांची मान जाते. चढाला स्वतः खाली उतरून चालायचे. पिकअपचंही तेच आहे. मागे ओझं झालं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी मनासारखी वळत नाही. हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो हसला. "नाना, बैलगाडीचा जमाना गेला."

मग मी मास्तरकी केली. म्हटलं, लाख देतो, पण सत्तरच्या वर क्रेट भरायचं नाही. त्या दोन महिन्यांत जास्तीच्या मालाला आयशर भाड्याने लाव. तो चिडला. "स्वतःची गाडी दारात असून भाडं दुसऱ्याला द्यायचं?" त्याचंही खोटं नाही. भाव पडलेला असतो तेव्हा दुसऱ्या गाडीचं भाडं द्यायला टोमॅटोतून काही सुटतच नाही. माझी पेन्शन पहिल्या तारखेला येते, त्याचं तसं नाही. वहिनींचा वेगळा फोन आला, "भाऊजी, अट घालताय ते बरं करताय, पण मी सांगितलं म्हणू नका."

पैसे दिले. अक्षय्य तृतीयेला पिकअप आली, हार घातलेला फोटो आला.

हंगामात एकदा रात्री अकराला त्याचा फोन. घाटाच्या आधी चहाला थांबला होता. पाऊस पडत होता, ऐकू येत होता. मी विचारलं, "किती क्रेट?"
"सत्तर, नाना."
जरा लवकरच म्हणाला. ही म्हणाली, "कशाला विचारता?" मी म्हटलं, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ठेव, नुसत्या ब्रेकवर राहू नकोस. पहाटे साडेतीनला वाशीला पोचल्याचा मेसेज आला. तोपर्यंत आम्ही दोघंही जागेच होतो.