मागून घेतलेलं दुखणं

खंडाळ्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या बायकांचे हात बघावेत. लोणावळ्याजवळच्या थंड हवेच्या खंडाळ्याशी या गावाचा संबंध नाही. हे खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं, सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. पदर सावरताना हात वर होतो आणि मनगटापासून कोपराकडे जाणारं गोंदण दिसतं. तुळशीवृंदावन, चंद्रकोर, मोर, ठिपक्यांच्या रांगा, कुणाच्या हातावर भावाचं नाव. हनुवटीवर एक टिंब, कपाळावर एक. काजळीचा काळा रंग कातडीच्या आतून हिरवट निळा दिसतो. वयानं कातडी सैल झाली, रेघा पसरल्या, मोराची मान जाड झाली, पण तुळस जागची हललेली नाही. मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं या बायका सांगतात आणि तो त्यांचा खरा विश्वास आहे.

त्यांच्याशी बोलत बसलं की नक्षीची गोष्ट लवकर संपते आणि दुखण्याची सुरू होते. माझ्या आजीचंही तसंच होतं. गोंदणारीण दारात यायची. भटक्या जमातीतली बाई, तिच्या गाठोड्यात दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया आणि डबीत काजळी. काजळी झाडपाल्याच्या रसात कालवून ती टोचत जायची, टोचता टोचता गाणं म्हणायची, रक्त पुसून वर हळद भरायची. पोरीला आई नाहीतर चुलती मांडीत घेऊन बसायची आणि तिचा हात घट्ट धरून ठेवायची, कारण पोर आठ-नऊ वर्षांची असायची आणि सुटून पळायला बघायची. याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावात 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या आणि 1840 मध्ये त्यांचं लग्न झालं, तेव्हा त्या 9 वर्षांच्या होत्या. मुलींची लग्नं त्या वयात व्हायची आणि गोंदण बहुधा त्याच्या आधीच उरकायचं. लग्न पोरीला विचारून ठरत नव्हतं, गोंदणही नाही. आजी गोंदणाचं कौतुक करायची, पण तिला गोंदलं त्या दुपारचं बोलताना तिचा आवाज बदलायचा.

माझी भाची शिरवळच्या एका कारखान्यात नोकरी करते. स्वतःच्या पगारातून पहिला टॅटू काढायचं तिनं ठरवलं आणि सगळ्यात आधी मला विचारलं, “मावशी, लई दुखंल का गं?” त्या प्रश्नानं मला फार बरं वाटलं. आपण होऊन मागून घेतलेल्या दुखण्याबद्दलच असं आधी विचारता येतं. त्याची तारीख ठरवता येते, त्यासाठी जेवून-झोपून तयार होता येतं, नको वाटलं तर पुढं ढकलता येतं. आजीच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं. म्हणून टॅटूची तयारी ही मला फॅशनची गोष्ट वाटत नाही. हक्क मिळाला आहे, तर तो नीट वापरावा.

दुखतं, हे तिला खरं ते सांगितलं. किती दुखतं ते जागेवर ठरतं. दंडाची बाहेरची बाजू आणि कोपराखालचा मांसल भाग पहिल्या टॅटूला बरा. बरगड्या, घोटा, पाठीचा कणा, मनगटाचं हाड, जिथं कातडीखाली लगेच हाड लागतं, तिथं सोसायला अवघड. आदल्या रात्री पुरती झोप हवी. सकाळी उपाशी जाऊ नये; सोमवार-गुरुवारचा उपास असेल तर तो दिवस टाळावा, कारण पोटात काही नसताना सुई लागली की घेरी येते. आदल्या दिवशी दारू नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मधुमेह असेल, दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. एखादा जुना व्रण फुगून गाठीसारखा झालेला असेल तर टॅटूच्या जागीही तसंच होऊ शकतं. खांदा आणि छाती या जागा त्या बाबतीत जास्त जोखमीच्या.

टॅटू काढायला पुण्याला तिच्याबरोबर मी गेले. पहिली रेघ ओढली तेव्हा तिनं श्वास धरला. तो सोडायला सांगावा लागला. श्वास रोखला की अंग ताठतं आणि दुखणं वाढतं. लांब श्वास सोडत राहिलं की हात आपोआप सैल पडतो. रेघ काढतानाचं दुखणं टोकदार असतं. आत छटा भरताना ते पसरतं, आणि मग उन्हानं भाजलेल्या हातावरून उसाचं पातं परत परत ओढावं तसं चरचरतं. काही वेळानं शरीर त्याला सरावतं, शेवटी शेवटी पुन्हा वैतागतं. तिनं माझा हात धरला होता. आजीच्या वेळी पोरीला पकडून ठेवायला माणूस लागायचं. इथं पोरीनं आपण होऊन माणसाला धरलं होतं. मला त्या खोलीत आजीची फार आठवण आली.

विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचं पेटंट न्यू यॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी 1891 मध्ये घेतलं, त्यामागे एडिसनच्या विजेच्या पेनाची कल्पना होती. यंत्र आलं तरी कातडीचं काम बदललं नाही. सुई वरचा थर ओलांडून सुमारे एक ते दोन मिलिमीटर आत जाते आणि शाई खालच्या थरात सोडते. शरीराला ती परकी वाटते, म्हणून पेशी धावत येतात आणि शाईचे कण गिळून टाकतात. कण पचत नाहीत. 2018 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं, की गिळणारी पेशी मरते, शाई बाहेर पडते आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा गिळते. आजीच्या हातावरची तुळस अशीच टिकली असणार, जुन्या पेशीकडून नव्या पेशीकडे जात. शरीर जन्मभर सांभाळत राहतं, तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे आपणही सांभाळायला हरकत नाही.

आणि सांभाळणं खंडाळ्यासारख्या गावात सोपं नसतं. नवा टॅटू म्हणजे उघडी जखम. स्टुडिओतून बांधून दिलेलं आवरण सांगतील तितका वेळ ठेवायचं, मग स्वच्छ हातानं, कोमट पाण्यानं, बिनवासाच्या साबणानं हलकेच धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि मलमाचा अगदी पातळ हात फिरवायचा. जाड थर दिला की जखमेला हवा लागत नाही. घरातली मोठी माणसं मायेनं हळदीची वाटी पुढं करतील. ती डोळ्यांत पाणी आणून नाकारावी लागली तरी नाकारावी. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाज सुटते, साल निघायला लागते, रंग फिका वाटतो. खाजवायचं नाही, खपली ओढायची नाही. ओढलेल्या खपलीबरोबर शाई निघते आणि तिथं कोरी जागा राहते. विहिरीत, वीरच्या धरणावर, निरेच्या कालव्यात पोहणं त्या काळात पूर्ण बंद. गोठ्यातलं शेणघाण, उसातलं पाचट, मळणीची धूळ या हाताला लागू द्यायची नाही, म्हणून सुगीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत टॅटू काढूच नये. खंडाळ्याहून शिरवळला रोज गाडीवरून जाणाऱ्यांच्या हातावर हायवेचं ऊन थेट पडतं; सुती, सैल, लांब बाही घालावी. वरून बरी दिसली तरी आतली कातडी पुरती भरून यायला महिना-दोन महिने लागतात. लाली पसरत गेली, पू आला, ताप भरला, तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आमच्याकडच्या पोरांसाठी आणखी एक गोष्ट मला कळवळून सांगावीशी वाटते. सातारा हा सैनिकांचा जिल्हा, अपशिंगे गावाला तर नावातच मिलिटरी जोडलेलं आहे. पहाटे रस्त्याकडेनं धावणारी भरतीची पोरं दंडावर महाराजांची राजमुद्रा, छातीवर आईचं नाव काढून घेतात. लष्कराच्या भरतीत टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूवर आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. रूढीनं गोंदणाऱ्या आदिवासी समाजांना मात्र यातून सवलत आहे. चुकीच्या जागेवरच्या चित्रानं कित्येक वर्षांची धाव वाया जाते, आणि लेसरनं ते पुसणं खर्चाचं, बऱ्याच खेपांचं आणि काढताना दुखलं त्याहून जास्त दुखणारं असतं. टॅटूनंतर वर्षभर रक्तदानही करता येत नाही, हे जयंतीच्या शिबिराला उभं राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

यात्रेत बॅटरीवरचं यंत्र घेऊन गोंदणारे बसतात. पाच-दहा मिनिटांत नाव, तुळस, बदाम. माणसं हौसेनं आणि श्रद्धेनं हात पुढं करतात, आणि पुष्कळदा एकच सुई, एकच शाईची वाटी हातामागून हात फिरत राहते. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही रक्तातून पसरणारे संसर्ग त्या सुईवरून जाऊ शकतात. गोंदणाऱ्याचंही पोट त्यावर आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्या सुईनं शेजारच्याचं रक्त काढलं, ती आपल्या हाताला लावून घेऊ नये. पाकीटबंद सुई डोळ्यांदेखत फोडायला लावा, शाई नव्या वाटीत ओतायला लावा, हातमोजे बदलायला सांगा. विचारायला संकोच वाटत असेल तर म्हणूनच बरोबर आपलं माणूस न्या. आणि यातलं एक जरी झालं नाही, तर पैसे आधी दिलेले असले तरी खुर्चीवरून उठून या; पहिली रेघ ओढेपर्यंत नाही म्हणता येतं.