सोसणें आणि सोसावयास लावणें

आमच्या घरांत सोसण्याला फार मान. दाढ दुखली तर लवंग धरावी, ताप आला तर लंघन करावें, पण कण्हूं नये, ही शिकवण आम्हांस लहानपणींच मिळाली. ती देणारे आमचे तीर्थरूप नाना, जन्मभर संस्कृतचे शिक्षक. २०१९ च्या पावसाळ्यांत त्यांचा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पाठीच्या मणक्यांत व कमरेच्या हाडांत पसरल्याचें निष्पन्न झालें, आणि त्या शिकवणीची परीक्षा झाली. तींत नाना नव्हे, आम्ही नापास झालों.

"आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, घरीं न्या," असें सांगून डॉक्टरांनीं मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. दर चार तासांनीं एक, असें कागदावर स्पष्ट होतें. परंतु मॉर्फिन म्हणजे अफूचेंच सत्त्व. व्यसन लागेल, शुद्ध हरपेल, कदाचित् शेवटही लवकर येईल, या भयानें आम्ही ती डबी कपाटांत ठेविली आणि नानांनीं मागितल्यावांचून गोळी द्यावयाची नाहीं असें ठरविलें. ज्यांनीं कधीं पाण्याचा पेलासुद्धां दुसऱ्याकडे मागितला नाहीं, ते गोळी काय मागणार? सोळा दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. कूस बदलतांना चादरीचें टोंक दांतांत धरीत. आणि आम्ही आल्यागेल्यास अभिमानानें सांगत असूं, "नानांचा निग्रह मोठा!"

सतराव्या दिवशीं, एका स्नेह्याच्या सांगण्यावरून, अशा रुग्णांची घरीं येऊन शुश्रूषा करणाऱ्या एक परिचारिकाबाई आल्या. त्यांनीं नानांस विचारलें, "शून्य म्हणजे मुळींच नाहीं, दहा म्हणजे असह्य, किती दुखतें?"

नाना म्हणाले, "आठ." मग आमची नजर चुकवून म्हणाले, "रात्रीं नऊ."

बाईंनीं डबींतील गोळ्या मोजल्या, पण त्या रागावल्या नाहींत. दुखणें पुरतें जागें होण्यापूर्वींच पुढची गोळी द्यावयाची; मलावरोध होणारच, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सुरू करावयाचें; सुरुवातीची गुंगी दोनचार दिवसांत ओसरते; आणि वेदनेसाठीं बेतानें दिलेल्या मॉर्फिनचें व्यसन क्वचितच लागतें, असें त्यांनीं आम्हांस शांतपणें समजाविलें. पुढें आम्ही वाचलें कीं, घड्याळाप्रमाणें औषध देण्याची ही पद्धति जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालींच पुस्तिकारूपानें प्रसिद्ध केली होती. मरणोन्मुख कर्करुग्णांसाठीं आपल्या देशांतील पहिलें शुश्रूषालय, शांति अवेदना, मुंबईस निघालें तेंही त्याच वर्षीं. तेहतीस वर्षांचें हें ज्ञान आमच्या दारापर्यंत येऊन कपाटांत पडून राहिलें होतें!

चौथ्या दिवशीं नाना उशीला टेकून बसले. दाढी करवून घेतली, मऊ वरणभात खाल्ला, आणि सरळ विचारलें, "अरे, किती दिवस आहेत?"

तोंवर हा विषय आम्ही घरांत काढूं दिला नव्हता. आतां खोटें बोलवेना. "थोडे आहेत, नाना."

"मग तुझ्या आत्याला बोलाव."

वाड्याच्या वांटणीवरून बहीणभावांचें वीस वर्षें बोलणें नव्हतें. आत्या आल्या, दोन दिवस राहिल्या. दार लोटलेलें असे. आंतून कधीं रडणें, कधीं हंसणें ऐकूं येई. वेदनेनें दांत आवळलेल्या माणसास हें बोलणें सुचलें असतें काय?

नाना पुढें पांच आठवडे जगले. पहाटे, झोंपेंतच गेले. करण्यासारखें पुष्कळ उरलें होतें, हें त्या पांच आठवड्यांनीं आम्हांस दाखविलें. परंतु ते सोळा दिवस आम्हांस कोणत्याही श्राद्धानें फेडतां येत नाहींत. आपलें दुखणें आपण सोसावें, हा निग्रह खरा. दुसऱ्यास तें सोसावयास लावून त्याचें कौतुक करणें हा नव्हे. हें वाचणाऱ्यांपैकीं कोणाच्या घरीं अशी डबी आली असेल, तर तिनें कपाटांत राहूं नये. ती अंथरुणाशेजारीं, घड्याळाजवळ असावी.