व्ह्यूसाठी पन्नास पावलं

कॅम्पिंगमधली एक्स्पर्ट म्हणजे मी! निदान आमच्या फ्लोअरवर तरी तसा समज होता. कारण काय, तर २०१८ साली मी आठ महिने सॅन होजेला ऑनसाइट होते आणि तिथे तीन-चार वेळा चक्क तंबूत झोपून आले होते. त्याआधीचा घराबाहेर झोपण्याचा अनुभव म्हणजे मे महिन्यातली मामाकडची गच्ची.

सॅन होजेहून गाडीने तास-दीड तासावर बिग बेसिन नावाचं स्टेट पार्क आहे. १९०२ सालचं, कॅलिफोर्नियातलं सगळ्यात जुनं. मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी शेंडा दिसत नाही असे रेडवुड वृक्ष, आणि त्याच जंगलातून निघालेली एक पायवाट थेट पॅसिफिकच्या किनाऱ्याला जाऊन पोचते. शहरातून निघा, जंगल बघा, समुद्र बघा, सोमवारी ऑफिस! तिथे सगळं आखीव. जागेचं आधी बुकिंग, तुमच्या जागेला नंबर, एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी जमिनीत बसवलेलं लोखंडी कडं. जाळ करायचा तो त्या कड्यातच. आगीचा धोका वाढला की तोही बंद. मला तेव्हा हे जरा अतीच वाटायचं. जंगलात येऊनही सोसायटीची नोटीस वाचल्यासारखं.

मग परत हिंजवडी. ट्रॅफिक, अप्रेझल, कॅन्टीनचा तोच राजमा. जानेवारी २०२० मध्ये एक मोठा रिलीज संपला आणि टीमने फर्मान काढलं, 'कॅम्पिंगला जायचं. जवळ हवं, पण जंगल हवं.' जबाबदारी अर्थातच एक्स्पर्टवर.

आपल्याकडे स्टेट पार्क ही भानगड नाही, हे मला तेव्हा कळलं. राखीव जंगल वनखात्याचं. अभयारण्य असेल तर आत जायलाच परवानगी लागते आणि जाळ करायला कायद्यानेच मनाई. पुढे ताम्हिणीला २०१३ पासून अभयारण्य आहे, म्हणजे तेही बाद. उरते ती कुणाची तरी मालकीची जमीन. एका मित्राच्या ओळखीने ती मिळाली कासार आंबोलीत. मुलींच्या सैनिकी शाळेमुळे या गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. हिंजवडीहून माण, घोटवडे करत पौड रस्त्याला लागलं की आलंच.

जमिनीचे मालक साठीच्या पुढचे. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायला लागलो. त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "तंबू कुठं बी टाका. जाळ मात्र हितं, खळ्यावर करा. वरचं गवत कापायचं राह्यलंय." गवत राहिलं, कारण कापायला माणूस मिळेना. तरणी पोरं सगळी पिरंगुटच्या कंपन्यांत.

"हो बाबा," आम्ही नऊ जण एका सुरात म्हणालो.

खळं म्हणजे सारवलेली सपाट जागा, शेजारी गोठा. म्हशींचा वास आणि समोर गोठ्याची भिंत. उतारावर पन्नास पावलं चढलं की मात्र खाली पिरंगुटच्या कारखान्यांचे दिवे असे पसरलेले, की कॅमेरा बाहेर काढावाच. थंडीही मस्त पडलेली. "वर करू या ना," मी म्हणाले. "मी करते नीट, दगड लावून." हे वाक्य माझंच होतं. नंतर ऑफिसात ते 'आपण ठरवलं' असं झालं, पण ते माझंच होतं.

मॅगी झाली, गिटार झाली. अकराच्या सुमाराला वारा सुटला. आधी आवाज आला, पापड भाजल्यासारखा. वळून बघितलं तर दगडांच्या पलीकडे घोट्याएवढी एक पिवळी रेघ. बाटलीतलं दोन लिटर पाणी ओतलं, त्याचं काय होणार! एकाने सतरंजी टाकली, तीच पेटली. तोवर रेघ गुडघ्याएवढी झाली होती आणि सरळ वर निघाली होती. आग चढावर पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी फक्त एवढं दिसत होतं की ती आमच्यापेक्षा वेगात जातेय.

आम्ही हाक मारायच्या आधीच बाबा आणि मावशी धावत आले होते, मागून वस्तीवरचे चार जण. "पाणी ऱ्हाऊ द्या! डहाळ्या तोडा हिरव्या!" आणि मग, "आगीच्या पुढ्यात नगा थांबू. जळल्या अंगानं या!" जे जळून गेलंय त्यावर उभं राहायचं, म्हणजे आग तुमच्या अंगावर येत नाही. दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत धरत आणायचं. मी डहाळी डोक्यावर उचलून बडवत होते. मावशींनी मनगट धरलं. "झोडपू नगं पोरी, ठिणग्या उडत्यात. दाब आन् वढ." दाब आणि ओढ. दाब आणि ओढ. कितीतरी वेळ दुसरा विचारच नव्हता.

आग थांबली ती काही आमच्या शौर्याने नाही. वरच्या बांधाला लागून बाबांनी डिसेंबरातच गवत काढून दोन माणसं झोपतील एवढी रुंद पट्टी मोकळी केली होती. वनखातं याला जाळरेषा म्हणतं. पट्टीपलीकडे राखीव जंगल होतं. तिथे आग गेली असती तर मामला १९२७ च्या वन कायद्याखाली गेला असता, आणि त्याआधी बाबांच्या दारात.

रात्रभर टिटवी ओरडत होती. सकाळी उतार काळा, आमचे चेहरे काळे. मावशींनी हिशेब केला. तीनशे पेंढ्या गेल्या, दोन म्हशी, पाऊस जूनला. पंधरा रुपयांनी साडेचार हजार. आमच्यातला एक जण म्हणाला, "मावशी, काही कमी नाही का होणार?" मी त्याच्याकडे अशी बघितलं की तो गप्प बसला. पण खरं सांगू? मनातल्या मनात भागाकार मीही केलाच होता. माणशी पाचशे. एका पिझ्झ्याचे.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. चहा देताना त्यांनी फक्त विचारलं, "ताई, वर कशापायी गेलावता?"

"व्ह्यूसाठी."

"म्हंजी?"

याला मराठीत काय म्हणायचं ते मला सुचेना. "दिवे बघायला," मी म्हणाले.

त्यांनी पिरंगुटकडे बघितलं. त्यांचा मुलगा तिथेच रात्रपाळीला होता. "दिवे?" एवढंच म्हणाले आणि म्हशींकडे गेले.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. ऑगस्टमध्ये वर्क फ्रॉम होम करताना बातमी दिसली. कॅलिफोर्नियात विजा पडून वणवे लागले होते आणि बिग बेसिन जवळजवळ सगळं जळालं. जुन्या मुख्यालयाची लाकडी इमारत गेली. रेडवुड मात्र बरेचसे तगले, त्यांची साल जाड असते. फोटो बघत असताना मी बाबांना फोन लावला. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. पलीकडे धो धो पाऊस ऐकू येत होता. "गवत आलंय कमरंएवढं," ते म्हणाले. "डिसेंबरात पट्टी काढायचीय. माणूस मिळंना."

तेव्हापासून डिसेंबरातला एक रविवार आमच्यातले तीन-चार जण तिथे असतात. विळा कसा धरायचा हे मला अजून जमत नाही, हाताला फोड येतातच. तंबू लागतात, जाळ होतो तो खळ्यावर, गोठ्याच्या भिंतीसमोर. गेल्या खेपेला आमच्याबरोबर एक नवी मुलगी होती. जेवणं झाल्यावर ती सारखी वर बघत होती. मावशींच्या ते लक्षात आलं.

"दिवं बघायचं आसत्याल तर जा की वर," त्या म्हणाल्या. "ब्याट्री घिऊन जा."