बिस्मथ सांभाळताना

विद्युतध्रुवण आणि चुंबकत्व एकाच स्फटिकात सहसा का नांदत नाहीत, हे निकोला स्पाल्डिन यांनी २००० साली नेमकं मांडलं. टायटॅनियमसारखा अणू जागेवरून सरकून ध्रुवण देतो, तेव्हा त्याचं डी-कवच रिकामं असावं लागतं. चुंबकत्वाला तेच कवच अर्धवट भरलेलं हवं. बिस्मथ फेराइटमध्ये कामाची वाटणी झाली आहे. ध्रुवण बिस्मथच्या एकाकी इलेक्ट्रॉन-जोडीकडे, चुंबकत्व लोहाकडे. म्हणून हा पदार्थ मला इतका प्रिय. पण ज्याच्यावर अर्धा भार, तो बिस्मथच तापला की उडून जातो.

बिस्मथ फेराइटचा पातळ थर बनवायचा, तर आधार म्हणून स्ट्रॉन्शियम टायटनेटचा नखाएवढा तुकडा चांदीच्या पेस्टने हीटरवर चिकटवायचा. एका कोपऱ्याला पेस्ट कमी लागली, तर तो कोपरा थंड राहतो आणि तिथला थर वेगळाच येतो. मग पंप, बेताचा ऑक्सिजन, सातशे अंशांच्या आसपास तापमान. २४८ नॅनोमीटरचा लेसर समोरच्या बिस्मथ फेराइटच्या वडीवर, म्हणजे टार्गेटवर, पडू लागला की ज्योत उसळते. तिचं टोक तुकड्याला जेमतेम शिवतंय ना, हे मी खिडकीतून पाहत राहतो. टार्गेटमध्ये बिस्मथ मुद्दाम दहाएक टक्के जास्त घालतो. तरी तापमान चढलं की तो निसटतो आणि मागे आयर्न ऑक्साइड उरतं. उतरलं की बिस्मथ ऑक्साइडचे दाणे साचतात.

२००३ मध्ये मेरीलँडच्या रमेश यांच्या गटाने अशा थरांत भरघोस ध्रुवण दाखवलं आणि जगभरच्या प्रयोगशाळा इकडे वळल्या. त्याच लेखातलं जोरदार चुंबकत्व मात्र दोन वर्षांत वादात सापडलं. शुद्ध बिस्मथ फेराइटमध्ये शेजारच्या लोह-अणूंची चुंबकत्वं एकमेकांविरुद्ध उभी असतात, शिल्लक फारच थोडी राहते. बिस्मथ उडालेल्या थरात मात्र गॅमा फेरिक ऑक्साइडचे कण असू शकतात, आणि ते चांगलेच चुंबकीय. थर बिघडलेला आणि आलेख देखणा! म्हणून चुंबकत्वाच्या आलेखात मोठा लूप दिसला की मी आधी क्ष-किरणांचा आलेख लॉग पट्टीवर उघडतो आणि पायथ्याशी आयर्न ऑक्साइडची टेकडी शोधतो. ती दिसली नाही तरी शंका मिटत नाही. बारीक कण क्ष-किरणांनाही चुकवतात.

थर थंड करताना ऑक्सिजनचा दाब पुष्कळ वाढवतो. जाळीत ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहिल्या तर वीज गळते आणि ध्रुवण मोजताच येत नाही. नव्या विद्यार्थ्याकडून मी पहिल्यांदा मागतो तो थर असा: वीज न गळणारा, ध्रुवण ठणठणीत आणि चुंबकत्व जवळजवळ नाहीच.