पुरात बुडालेल्या पद्मिनीचा पत्रा

आमच्याकडे 1986 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा ती घराशेजारच्या शेडमध्ये उभी होती. पाणी सीटच्या वर गेलं. ओसरल्यावर आधी घर आवरलं, मग दुकान, आणि सगळ्यात शेवटी गाडी. सगळी तेलं बदलली, वायरिंग नवं टाकलं, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. इंजिन सुरू झालं तेव्हा घरात सगळ्यांनाच बरं वाटलं.

पत्र्याचं दुखणं नंतर वर आलं. पद्मिनीला वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. दारांच्या खाली दोन्ही बाजूंना पोकळ पेटीसारखी सिल असते आणि गाडीचा बराच भार ती पेलते. पुराचा गाळ नेमका तिथे जाऊन बसला. पाणी बाहेर पडायची खालची भोकं गाळाने बुजली. गाळ ओल धरून ठेवतो, त्यात कोकणातली हवा. पत्रा आतून सडत गेला आणि बाहेरचा रंग मात्र चांगला दिसत राहिला.

पहिल्यांदा काम दिलं ते एका गॅरेजला. त्यांनी गंजलेल्या भागावर वरून पत्र्याचे तुकडे ठेवले, कडांना वेल्डिंग मारलं, वर जाड पुट्टी आणि रंग. गाडी छान दिसत होती. पुढचा पावसाळा संपता संपता सिलवर फोड आले. एक फोड स्क्रूड्रायव्हरने दाबला, तर टोक सरळ आत गेलं. चुंबक फडक्यात गुंडाळून सिलवरून फिरवला. कितीतरी ठिकाणी तो धरेचना, कारण तिथे पत्रा नव्हता, नुसती पुट्टी होती. मागचं दार उघडं ठेवून जॅक लावला की दार नीट बसत नव्हतं, म्हणजे बॉडी वाकत होती. गाडी भंगारात काढावी, असं त्या दिवशी मनात आलं होतं. वडिलांना मी ते बोललो नाही.

पद्मिनीचे दरवाजे, बोनेट जुन्या बाजारात अजून मिळतात. पण सिल आणि फ्लोअर मिळाले, तरी तेही बहुधा सडलेलेच असतात. मेहुण्यांच्या ओळखीने कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक जुने पत्राकाम करणारे मिस्त्री भेटले. गाडी टेम्पोवर चढवून कुंभार्ली घाटातून नेली. मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. त्यांनी खाली झोपून बघितलं आणि म्हणाले, "आतनं कुजलंय. वरनं झाकून काय उपयोग? कापाय लागतंय." मी बहिणीकडे राहून काम बघायचं ठरवलं.

कापायच्या आधीची तयारीच खूप होती. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली, सीट, रेक्झीन, खालचा वाखाचा थर सगळं बाहेर. गाडी सपाट जमिनीवर स्टँडवर घेतली. मग दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-तिरपे बसवले. सिल कापली की चौकट खाली बसते, आणि तशीच वेल्डिंग झाली की दार पुन्हा कधी नीट लागत नाही. म्हणून मामा एका वेळी एकच बाजू घेतात. दुसरी बाजू तोवर गाडी धरून ठेवते.

बाहेरची सिल ग्राइंडरने उघडली तेव्हा आतून सुकलेला गाळ पडला. लालसर, थरावर थर, मध्ये पानांचे तुकडे आणि गंजाची पापुद्री. घमेलं भरलं. दोन वर्षांपूर्वीचं ते पाणी तिथेच बसलं होतं. मी जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

मामांचा नियम साधा होता. भोकापाशी थांबायचं नाही, चकचकीत घट्ट पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. पातळ झालेल्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही, तो जळून भोक मोठं होतं. त्यामुळे हाताएवढा वाटलेला तुकडा कापताना चौपट झाला. आतली सिल आणि फ्लोअरची कडही गेली.

तुकडे आधी पुठ्ठ्याचे केले. पुठ्ठा जागेवर बसला की तोच आकार पत्र्यावर. सिल आणि फ्लोअरला 18 गेजचा सीआर पत्रा, बाहेर दिसणाऱ्या भागाला 20 गेजचा. मी जीपी पत्र्याबद्दल विचारलं, तो गंजत नाही म्हणून. मामांनी नको म्हटलं. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगमध्ये त्याचा धूर होतो, तो छातीत गेला की ताप भरतो, आणि टाकाही स्वच्छ बसत नाही. सरळ घड्या शेजारच्या वर्कशॉपमधल्या बेंडिंग मशीनवर घातल्या. मागच्या चाकावरची गोलाई वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने हळूहळू काढली.

वेल्डिंगला गॅसची नळी नाही वापरली. तिची उष्णता पसरते आणि पातळ पत्रा लाटांसारखा होतो. मामांकडे सीओटू मशीन होतं, 0.8 मिलिमीटरची वायर. दिसणाऱ्या भागात तुकडा वर चढवला नाही, कडेला कड भिडवली आणि मध्ये वायरच्या जाडीएवढी फट ठेवली. मागून तांब्याची पट्टी धरली. तांब्याला वेल्डिंग चिकटत नाही आणि भोक पडत नाही.

मग टाके. एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये. पत्र्याला हात लावता येईपर्यंत पुढचा टाका नाही. त्यांच्या हाताखालच्या मुलाने एकदा घाईत चार टाके लागोपाठ मारले, तर तिथे पत्रा लगेच आत ओढला गेला. मामांनी मागे डॉली म्हणजे लोखंडी ठोकळा धरून, वरून हातोडीने टाके ठोकून तो बाहेर आणला. सगळी कड टाक्यांनी भरायला अख्खा दिवस गेला. ग्राइंडरही थांबून थांबून फिरवला, कारण घासण्यानेही पत्रा तापतो.

सिलच्या घड्यांमध्ये मूळचे स्पॉट वेल्ड होते. तिथे वरच्या पत्र्याला 6 मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डिंगने भरली. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी जस्ताचा प्रायमर लावला. प्रत्येक टप्प्यावर दार लावून फट तपासली.

गाडीखाली जुन्या डांबराचा थर असतो. तो पेट घेतो. एकदा घेतलाही. पण दुसऱ्या बाजूला एक जण ओलं पोतं आणि पाण्याची बादली घेऊन बसलेलाच होता. संध्याकाळी काम थांबल्यावरही मामा लगेच कुलूप लावत नसत. अर्धा तास खाली वाकून धूर दिसतो का बघत.

जोडांवर सीलर, मग इपॉक्सी प्रायमर. पुट्टी लागलीच, पण प्रायमरवर आणि अगदी पातळ. उघड्या पत्र्यावर पुट्टी मारली की ती ओल शोषून खालून गंज चालू करते. रंग झाल्यावर शेवटी सिलच्या आत लांब नळीने मेण फवारलं. ते आधी मारलं असतं तर वेल्डिंगमध्ये जळून गेलं असतं. खालची भोकं तार घालून मोकळी केली.

पैशांचं सांगायचं तर पत्रा आणि वायर यांचा खर्च किरकोळ होता. पैसे लागले ते हाताच्या कामाचे आणि वेळेचे. पहिल्या गॅरेजला दिलेले पैसे मात्र वायाच गेले, कारण त्यांचे तुकडे कापण्यातच मामांचा वेळ गेला.

त्यानंतरचे पावसाळे गाडीने चिपळुणातच काढले. फोड आलेला नाही. जॅकवर असताना चारही दारं लागतात. पावसाळ्याआधी आणि नंतर मी भोकांत तार घालतो, आणि दर वर्षी आत पुन्हा मेण मारून घेतो. वडील आता पुन्हा रविवारी गाडी बाहेर काढतात.

कोणाची जुनी गाडी असेल, आणि मुख्य म्हणजे पाण्यात बुडालेली असेल, तर रंगाकडे बघू नका. खाली वाकून भोकं मोकळी आहेत का बघा, फडक्यातला चुंबक फिरवा. चासिस नंबर कोरलेल्या पत्र्याला कोणाला ग्राइंडर लावू देऊ नका. नोंदणीच्या नूतनीकरणाला तो तपासतात. काम देताना विचारा की तुकडा वरून लावणार की सडलेला भाग कापून बसवणार, आणि दाराच्या चौकटीला आधार कसा देणार. सिल बंद करायच्या आधी मला आतून बघायचंय, हेही सांगून ठेवा. जे दाखवायला तयार असतील, त्यांच्याकडेच गाडी सोडा.