रात्री दोनचं ऊन

रात्रीचे दोन, आणि डोळ्यांवर लख्ख ऊन! उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. फोटोंसाठी झक्कास, पण झोपेचं काय? आमच्या सेकंडहँड मोटरहोमच्या मागच्या खिडक्यांना पडदे होते, ड्रायव्हरच्या केबिनला मात्र एकही नाही. दोन रात्री चादर, टॉवेल, अगदी माझी ओढणीसुद्धा काचेला लावून झाली. तिसऱ्या दिवशी ई-१० हायवेवर नवऱ्याला डुलकी लागली आणि गाडी पांढऱ्या रेषेबाहेर. बस्स!

स्वोल्वेर गावात गुंडाळीचा जाड काळा पडदा घेतला. साहेब ड्रिल घेऊन थेट काचेशेजारच्या खांबाकडे. "अरे, थांब!" त्या आवरणामागे एअरबॅग असू शकते, तिथे स्क्रू मारायचा नसतो. शेवटी सीटच्या मागे, वरच्या लाकडी कपाटाच्या काठाला रोलर बसवला. स्क्रूही आखूड, नाहीतर आरपार जायचे! कडेच्या फटी वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बुजवल्या. पुढच्या फिरत्या खुर्च्या रात्री पडद्याआड जातात, एवढाच तोटा.

त्या रात्री नवरा नऊ तास घोरला. मी मात्र दोन वाजता पडदा बोटभर सरकवून समुद्रावरचं ऊन बघत बसले.