विलंब आणि दिरंगाई

दिल्लीच्या धुक्यात हिवाळ्यातील सुट्या घरातच जातात. तेव्हा मी मार्टिन श्वायगर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला ‘ऑर्बिटर’ हा अंतराळ-उड्डाणाचा संगणकीय खेळ खेळतो. पुढचे अवकाशस्थानक गाठण्यासाठी यान पुढे रेटले, तर कक्षा उंचावते आणि यान मागे पडते. उलट गती किंचित घटवली, की ते खालच्या, आखूड कक्षेत उतरून लवकर पुढे सरकते. अर्थशास्त्राच्या पदवीधराला केप्लरचा हा नियम पचायला बऱ्याच रात्री लागल्या. कित्येकदा इंधन संपले आणि स्थानक डोळ्यांदेखत दूर निघून गेले.

जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या ‘स्पेडेक्स’ उपग्रहांची जोडणी दोनदा पुढे ढकलली गेली, तेव्हा सहकाऱ्यांनी ‘सरकारी दिरंगाई’ म्हणून थट्टा केली. उपग्रह तीन मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा दूर नेले गेले. १६ जानेवारीला ते जोडले गेले आणि हे साधणारा भारत चौथा देश ठरला.

निवृत्तिवेतनाची फाइल निष्काळजीपणे पडून असो वा पडताळणीसाठी थांबलेली असो, दाराशी उभ्या वृद्धाला दोन्ही सारखेच दिसते. म्हणून थांबण्याचे कारण आणि पुढची तारीख त्याला लेखी कळवणे, हे आपले कर्तव्यच होय.